आमच्या विहिरीचं रेंडर

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आमच्या घरात तशी सोयच नाही. समोरच्या खोलीत बावीस प्रतिज्ञांचा तक्ता लावलेला आहे, वडील शाळामास्तर होते, आणि लहानपणी "चिंचेवर हडळ आहे" एवढं म्हणाल्याबद्दल मी पाठीत धपाटा खाल्लेला आहे. आमच्या दारात भूत आलंच तर तक्ता वाचून आल्या पावली परत जाईल. या ग्रुपवर मी आहे ती लोकांच्या अनुभवांत खुसपटं काढायलाच... जुने मेंबर मला चांगलं ओळखतात. तर आता माझी पाळी. काढा खुसपटं, मी बसलेय.

गाव जिंतूर तालुक्यात, मोठ्या रस्त्याला लागून. नाव सांगत नाही, कारण उद्या कुणीतरी मोबाईल घेऊन शूटिंगला येईल आणि माझी आत्या त्याला काठीनं मारेल.

मी डिजिटल लँडस्केप करते. म्हणजे डोंगर, नाले, पिकं, आभाळ, सगळं कॉम्प्युटरमध्ये उभं करायचं. पुण्याच्या एका स्टुडिओसाठी गावातूनच काम करते. माझ्या गवताची काडी न् काडी वेगळी वाकते, माझ्या काळ्या मातीच्या भेगा खोट्या दिसत नाहीत, आणि हे मी स्वतःच्या तोंडानं सांगतेय कारण ते खरं आहे. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात माझं नाव असतं. आई म्हणते, पोरीला लय ताठा आहे. असू दे.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडंसं. सीन तयार झाला की कॉम्प्युटर प्रकाशाचा एकेक किरण मोजत चित्र काढतो, त्याला रेंडर म्हणतात. भरपूर वेळ दिला तर चित्र स्वच्छ निघतं. वेळ कमी दिला तर चित्रावर रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. मग डिनॉईजर नावाची एक सोय असते, ती दाणे पुसते आणि तिथं काय असावं ते अंदाजानं भरते. उजेडात तिचा अंदाज बरोबर येतो, अंधारात ती घोळ घालते. त्यामुळे आमचं सगळं आयुष्य एकाच भांडणात जातं — क्वालिटी की वेळ?

तर झालं असं. आमच्या वस्तीची एक विहीर होती. दीक्षेनंतरच्या एका उन्हाळ्यात आमच्या लोकांनी स्वतः खोदलेली. त्याच्या आधी पाण्यासाठी दुसऱ्याच्या विहिरीवर जाऊन लांब उभं राहायचं आणि कुणी वरून ओतेल त्याची वाट बघायची. ते कायमचं बंद केलं त्या विहिरीनं. पुढं रस्ता रुंद झाला तेव्हा ती बुजवली. मी तेव्हा शाळेत होते, मला कठडा तेवढा आठवतो. फोटो एकही नाही. आज तिच्यावरून ट्रक जातात.

औंदा जयंतीला मिलिंददादानं, म्हणजे माझ्या चुलत भावानं, मोठी एलईडी स्क्रीन आणायचं ठरवलं. तो जयंती कमिटीचा अध्यक्ष. मला म्हणाला, "लोकांसाठी तू परदेशातले डोंगर करतीस. आपली विहीर कर की."

मी एका पायावर तयार झाले. आणि सांगायला आमच्या घरातच कौसाआत्या होती. वडिलांची थोरली बहीण, नवरा वारल्यावर माहेरी आलेली, ऐंशीच्या घरात. विहीर खोदताना ती परकरी पोर होती. त्या काळचं माणूस म्हणून आता वस्तीत ती एकटीच उरलीय.

पण आत्याच्या डोळ्यांत काचबिंदू. परभणीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही, आणि उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही. तिला मधोमध तेवढं दिसायचं, नळीतून बघितल्यासारखं, आणि बाजूचं सगळं काळं. ती नळीही महिन्या-महिन्याला बारीक होत चालली होती. डॉक्टरांकडून येताना जीपमध्ये ती मला म्हणाली, "प्रज्ञा, मला दिसंल तवर दाखव बाई. मंग कितीबी चिकनं केलंस तर माझ्या काय कामाचं?"

माझ्या धंद्यातलं जुनंच भांडण, पण या वेळी घड्याळ आत्याच्या डोळ्यांत होतं. चित्र धुरकट निघालं तर तिला दिसणार नाही, आणि स्वच्छ व्हायची वाट बघत बसले तरी दिसणार नाही. मला दुसरं काही सुचत नव्हतं त्या दिवसांत.

कामाला लागले. आत्या माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसायची आणि माझी अब्रू काढायची.

"ह्ये कसलं गवत लावलंस? हिरवंगार! चैतात गवत असतंय का हिरवं?"

"आत्या, जरा छान दिसावं म्हणून..."

"छान दिसाया ही काय नवरी हाय? वाळकं कर."

वाळकं केलं. बाभूळ तिनं तीनदा हलवायला लावली. कठड्याची उंची तिच्या हनुवटीएवढी, पण तेव्हाच्या हनुवटीएवढी, म्हणून ती उठून उभी राहिली आणि हातानं दाखवली. रहाट, दोराच्या घासल्यानं लाकडाला पडलेली खाच, उतरायच्या पायऱ्या, खाली सुरुंगानं फोडलेला खडक, सगळं तिच्या सांगण्यावरून. आतलं बांधकाम कसं होतं विचारलं तर म्हणाली, "दगडाचं. आन् कशाचं असतंय?" म्हणून मी सगळीकडं चौकोनी घडीव दगड लावले. वडील म्हणाले की त्यांच्या आठवणीत आतून चुना मारलेला होता. पण आत्याला पहिल्या दिवसांतली, कोरी विहीर बघायची होती, म्हणून चुना काढला.

आणि गंमत बघा, सगळ्या चित्रात रेंडरला अडकायची ती तेवढीच जागा. शेतं, आभाळ, बाभूळ भराभर स्वच्छ व्हायची. विहिरीच्या आत मात्र उजेड वरून थोडासा उतरणार, पाण्यावर आपटून परत भिंतीवर जाणार... तिथले दाणे काही केल्या जायचेच नाहीत. मला तर स्क्रीनवर हळूहळू झूम करत थेट पाण्यापर्यंत जायचं होतं, म्हणून चित्रही मोठं काढायचं होतं. जयंतीच्या आदल्या दिवसापर्यंत आत्याच्या दुरुस्त्या चालल्या. शेवटी मी हात जोडले आणि जयंतीच्या दिवशी सकाळी उच्च क्वालिटीवर रेंडर लावलं. हिशोब असा की संध्याकाळच्या आत आरामात होईल.

घरातला एकुलता एक कूलर मी कॉम्प्युटरच्या तोंडासमोर लावला. आई चिडली. "माणसं उकडून मरायलीत आन् डब्याला गार वारा!" पण पाणी तिनंच भरलं कूलरमध्ये.

दुपारी मिलिंददादाच्या कार्यकर्त्यांनी सगळ्या वस्तीची लायटिंग, विहाराची रोषणाई आणि डीजे एकाच वेळी चालू करून बघितला. आमच्याकडं हे दरवर्षी होतं आणि दरवर्षी सगळ्यांना नवल वाटतं. ठप्पकन आवाज झाला आणि डीपी, म्हणजे वस्तीचा ट्रान्सफॉर्मर, उडाली.

यूपीएसनं जीव तोडून ओरडत थोडा वेळ धीर धरला, मग तोही गेला. रेंडर निम्म्यावर होतं. ते सगळं वाया. मी बाहेर येऊन दादाला जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो बिचारा डोक्याला हात लावून म्हणाला, "ताई, लाईनमनला फोन लावलाय. तू शिव्या दे, पर चित्राचं बघ."

लाईट आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आता उच्च क्वालिटीचा सवालच नव्हता. मन घट्ट केलं, क्वालिटी पार खाली आणली, डिनॉईजर चालू केला आणि बटण दाबलं. बाहेर मिरवणूक निघालेली, निळे झेंडे, हलगी, आणि मी आत त्या डब्यासमोर बसून. रडू येत होतं मला, खरंच. आत्याला आयुष्यात एकदाच दाखवायचं आणि तेही असं घाईघाईचं.

चित्र वेळेत निघालं. बाहेरचं सगळं झकास. मग मी विहिरीच्या आत झूम केलं आणि कपाळावर हात मारला. पाण्याच्या वर, बांधकामात एका ओळीत, मोठे मोठे गोल डाग आलेले. म्हटलं झालं, डिनॉईजरनं अंधारात भजी तळली. माझ्या चौकोनी दगडांमध्ये गोल काही असायचा संबंधच नव्हता. पण परत रेंडर लावायला वेळ कुठला? लॅपटॉपवर घेतलं आणि पळाले. कोपऱ्यात नाव टाकायचं तेवढं राहिलं. खरं सांगायचं तर टाकावंसं वाटलं नाही.

विहारासमोरच्या मैदानात वंदना झाली, भाषणं आटोपली. पहिल्या रांगेत पांढऱ्या कडक लुगड्यात आत्या. मी तिच्या शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन, वायर स्क्रीनला. दादानं माईकवर सांगितलं, "आता आपल्या प्रज्ञाताईनं केलेली आपली विहीर बघा," आणि चित्र लागलं.

लोकांनी आधी श्वास घेतला, मग टाळ्या. वाळलेली शेतं, तिरपं ऊन, बाभळीची सावली कठड्यावर... म्हातारी माणसं पोरांना बोट करून दाखवायला लागली. मला फार भारी वाटलं, लपवत नाही.

आत्या मात्र खुर्चीतून पुढं वाकली. तिला सगळं एकदम दिसतच नव्हतं. ती मान हलवत हलवत एकेक तुकडा बघत होती.

"बाभूळ हाय," ती म्हणाली. मग मान आणखी वळवून, "रहाट हाय. खाच बी हाय." मग, "आत ने की."

मी थबकले. आत माझी भजी.

"आत ने म्हनते ना."

नेलं. हळूहळू काठावरून आत, पायऱ्यांवरून खाली, पाण्याच्या वर. आणि एवढ्या मोठ्या स्क्रीनवर मला पहिल्यांदा नीट दिसलं की ते डाग नव्हतेच. ते दगड होते. भाकरीसारखे गोल, चौकोनी दगडांच्या मध्ये घट्ट बसवलेले, एका ओळीत. प्रत्येकाच्या मधोमध एक बारीक भोक आणि भोवती टाकीनं टोचलेल्या रेघा. एकाची कड फुटलेली. आत्याच्या सांगण्यावरून केलेल्या कुठल्याही दगडापेक्षा, माझ्या कुठल्याही दगडापेक्षा, ते जास्त खरे होते.

मागून दादा म्हणाला, "ते गोल लय भारी केलंस गं!"

मी काहीच केलं नव्हतं.

आत्या उठून उभी राहिली. काठी खाली पडली तरी तिला कळलं नाही. "ह्ये तुला कुनी सांगितलं?"

"काय आत्या?"

"ती दळायची जाती हायेत. आमची जाती हायेत ती, माय!"

गलका थांबला. दादानं माईक तिच्यापुढं धरला. ती आयुष्यात कधी माईकवर बोललेली नाही, पण त्या दिवशी बोलली. मला आठवतंय तसं लिहिते.

"काळी माती. न बांधलेली हीर पावसात आत बसती. बांधकाम वर येयाला लागलं आन् दगड सरला. खानीवाल्यानं द्यायचा बंद केला. कामून, ते समद्यांना ठावं हाय. पाऊस तोंडावर. मानसं डोकं धरून बसली. मंग माझ्या आईनं आमच्या जात्याचा खालचा दगड उपसला आन् डोक्यावर घिऊन हिरीवर गेली. तिच्या मागं एकेक घरची बाई. दर घरचा येक दगड. त्यो थर बांधला तवा हीर उभी ऱ्हायली. जातं मोडून दिलं म्हनलं की दुनिया हसंल, म्हनंल यांच्याकडं दळायलाच काय न्हाई. म्हनून वरून चुना मारला आन् समद्यांनी बोलायचं न्हाई असं ठरिवलं. मला आईनं शपथ घातली. मी आजपतूर पाळली. बापय मानसं बी मेली, पर कुनी तोंडातून काढलं न्हाई."

ती स्क्रीनकडं वळली.

"आता आईनंच दाखिवलं, मंग मी कामून गप बसू?"

सगळ्यात आधी बायका उठल्या. मग सगळं मैदान उभं राहिलं, आणि "जय भीम"चा असा आवाज उठला की डीजेची गरजच पडली नाही. माझी आई, जिला मी कधी चारचौघांत रडताना बघितलं नाही, ती पदर तोंडाला लावून उभी होती. मी या गावची, या बायांची नात आहे, हे मला जन्मापासून माहीत होतं. पण छाती त्या दिवशी भरून आली.

आता तुमची खुसपटं. ती सगळी माझी आधीच काढून झालीत.

सीनच्या फाईलमध्ये एकही गोल दगड नाही. आहेत ते चौकोनी, माझे. तीच फाईल, तेच सेटिंग, तोच डिनॉईजर, परत परत रेंडर केलं. दर वेळी चौकोनी दगड आणि अंधारात थोडा धुरकट घोळ, जसा यायला पाहिजे तसा. त्या दिवशी निघालेलं चित्र मात्र तसंच आहे. स्टुडिओतल्या माझ्या सीनियरला पाठवलं. आधी म्हणाला, डिनॉईजरची करामत आहे. मग त्यानं झूम केलं असावं, कारण थोड्या वेळानं मेसेज आला, "हे मॉडेल कुणी केलंय? मला पाहिजे."

तुम्ही म्हणाल, कुठंतरी ऐकलेलं मनात राहिलं असेल. कुणाकडून ऐकणार? बोलणारी एकच जिवंत होती आणि ती शपथेला बांधलेली. वडील त्या विहिरीत पोहायला शिकले, त्यांनी आत चुन्याशिवाय काही बघितलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र खरी. आमच्या मोरीसमोर एक गोल दगड आहे, त्यावर उभं राहून आम्ही पाय धुतो. मधोमध मोठं भोक, कडेला खुंट्याचं एक, आणि एका बाजूची कड फुटलेली. जन्मापासून बघतेय. जात्याचा वरचा दगड आहे हेही माहीत होतं. खालचा कुठं गेला, असं घरात कधी कुणी विचारलं नाही. जयंतीच्या दुसऱ्या दिवशी मी त्याचा फोटो काढून चित्राशेजारी लावला. फुटलेली कड दोन्हींची एकाच ठिकाणी, एकाच आकाराची. आत्या म्हणाली, बाजारातून आणताना अख्खं जातं बैलगाडीतून पडलं होतं. बरं, धरू की त्या दगडाचा आकार माझ्या मनात बसला होता. पण मनातलं कॉम्प्युटरमध्ये कसं उतरलं? मला सांगा, मी ऐकून घेईन.

दिवाळीच्या आधी आत्याची उरलेली नजर गेली. चित्र मोठं छापून समोरच्या खोलीत लावलंय, तक्त्याच्या शेजारी. कोपऱ्यात नाव अजून टाकलेलं नाही. मिलिंददादा मागं लागलाय, टाक म्हणून.

पाहुणे आले की आत्या चाचपडत भिंतीपाशी जाते आणि काठी उचलून टेकवते. बरोबर फुटक्या कडेच्या दगडावर टेकवते, एकदाही चुकलेली नाही.

"ह्ये माझ्या आईचं," ती सांगते. "बाकीचं आमच्या पोरीनं केलंय."